होडीवरचं छत: सरकणारे जॉ-स्लाइड, उपटलेल्या बिजागऱ्या आणि गुणगुणणारे पट्टे

प्रश्न (मालवण): आमच्या स्पीडबोटीवर तीन कमानींचं बिमिनी (घडी होणारं कापडी) छत आहे. मागच्या कमानीचा जॉ-स्लाइड (कमान मुख्य नळीला जोडणारी सरकती पकड) नळीवरून खाली घसरतो. त्याचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) घट्ट केला, मग बदललाही, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच.

स्क्रूच्या आधी पट्टे बघा. पुढचे-मागचे पट्टे ढिले असले की लाटेगणिक सगळी चौकट उसळते आणि तो धक्का एवढ्याशा ग्रब स्क्रूला खावा लागतो. नायलॉनचा पट्टा भिजला की लांबतो. सकाळी ताणलेला पट्टा दुपारी लोंबतो तो त्यामुळेच. पॉलिएस्टरचा घ्या.

आता स्लाइड. छत मिटवा, योग्य जागी नळीवर चिकटपट्टीची खूण करा आणि स्लाइड थोडा बाजूला सरकवा. खाली मीठ, सनस्क्रीन आणि पॉलिशचा थर सापडेल. तो ॲसिटोनने पुसा. कापडावर थेंब पडू देऊ नका. स्क्रूचे आटेही पुसून कोरडे करा, निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावा, घट्ट करा आणि २४ तास हलवू नका. लाल थ्रेडलॉकर नको, तो सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावं लागतं. स्लाइड प्लास्टिकचा असेल तर थ्रेडलॉकर लावूच नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. तसेही प्लास्टिकच्या स्लाइडचे आटे एकदा गेले की तो बदलणंच बरं.

आणखी एक घोळ किल्लीचा. एम-६ ग्रब स्क्रूला ३ मिमीची ॲलन की लागते, पाव इंची अमेरिकी स्क्रूला १/८ इंची, म्हणजे ३.१७५ मिमी. पाव इंची स्क्रूत ३ मिमीची की जाते, फिरतेही, पण षट्कोनाचे कोपरे गोल करून टाकते. हाताला घट्ट लागलं तरी स्क्रू बसलेला नसतो.

प्रश्न (रत्नागिरी): छताची डेकवरची बिजागरी स्क्रूसकट उपटून आली. भोक मोठं झालंय. जाड स्क्रू टाकला तर चालेल का?

चार दिवस चालेल. फायबरचा वरचा थर काही मिलिमीटरचाच असतो, स्क्रूचे दोन-तीन आटेच त्यात पकडतात. खाली प्लायवुडचा गाभा असेल तर त्याच भोकातून पाणी झिरपून ते कुजतं. सळई घालून बघा. भुसा काळा, ओला निघाला तर कुजलेला भाग आधी काढावा लागेल.

गाभा कोरडा असेल तर भोक १२-१३ मिमीचं करा, पण खालचा थर फोडू नका. आतला गाभा कडेने थोडा खरवडा, दाट केलेलं इपॉक्सी भरा आणि पूर्ण कडक झाल्यावर ६.५ मिमीचं नवं भोक आरपार पाडा. वरच्या तोंडाला काउंटरसिंकने हलकी उतरण द्या, नाहीतर जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) केसासारखे तडे जातात. मग एम-६ बोल्ट, खाली रुंद वॉशर किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आणि नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) नट. सीलंट पॉलियुरेथेनचं, बाथरूमचं सिलिकॉन नव्हे. घट्ट करताना बोल्ट स्थिर धरून खालून नट फिरवा. बोल्ट फिरला की वरचं सील तुटतं. स्टेनलेसचे नट इम्पॅक्ट ड्रायव्हरने झपाट्याने आवळू नका, आटे तापून एकमेकांत रुतून बसतात. मग हॅकसॉ हाच उपाय.

स्क्रू उपटण्याचं नेहमीचं कारण वारा नसून माणूस असतो: बोटीत चढताना छताची कमान धरून लोंबकळणारा. पकडायला वेगळी दांडी बसवा.

प्रश्न (ह्यूस्टन, लेक कॉनरो): आमच्या स्की-बोटीला मधोमध पायलॉन (स्कीयरचा दोर बांधायचा खांब) आहे. छत उघडलं की दोर मागच्या पट्ट्यांना घासतो आणि वेग वाढला की पुढचे पट्टे जोरात गुणगुणतात.

गुणगुण सोपी आहे. बकल लावण्यापूर्वी पट्ट्याला अर्धा पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, पिळलेला नाही.

दोराचं मात्र गंभीर आहे. स्कीयर बाजूला कापत गेला की दोरही बोटीच्या कडेकडे झुकतो, म्हणून फक्त मध्यरेषेवर मोकळी जागा असून भागत नाही. स्की ओढताना छत मिटवा, घडीवर तिची कापडी खोळ ('बूट') चढवा आणि घडी दोराच्या सगळ्या फिरण्याबाहेर राहते का ते बोट उभी असताना दोर दोन्ही टोकांना नेऊन तपासा. राहत नसेल तर क्विक-रिलीज पिना काढून अख्खं छत किनाऱ्यावर ठेवा. पिनांना छोटी दोरी बांधा, त्या पाण्यात पडतातच. कमानीला किंवा तिच्या बिजागरीला ओढण्याचा दोर कधीही बांधू नका.

वेगाचंही ध्यानात ठेवा: वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी २० मैलांच्या चौपट ४० ला. उत्पादकाने मर्यादा दिली असेल तर ती पाळा. ट्रेलरवर छत उघडं कधीच नको.

प्रश्न (पणजी): फॅब्रिकेटरकडून 'एक इंची स्टेनलेस पाइप'ची चौकट करून घेतली. बाजारातले एक इंची फिटिंग बसत नाहीत आणि सहा महिन्यांत तांबूस डागही पडले. चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस असणार ना?

चुंबकावरून ३०४ की ३१६ हे ठरत नाही, दोन्ही बहुधा चिकटत नाहीत. खाऱ्या पाण्यात फरक पडतो तो ३१६ मधल्या २-३ टक्के मॉलिब्डेनमने. घेताना बिलावर ग्रेड लिहून घ्या. डाग वेल्डजवळ जास्त असतील तर वेल्डची काळी पपडी नीट काढलेली नाही. पिकलिंग पेस्टचं काम फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या, त्यात जहाल आम्ल असतं.

मापाचा घोटाळा नेहमीचा. 'एक इंची पाइप'चा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी असतो, छताच्या फिटिंगला लागते ती २५.४ मिमी बाहेरच्या व्यासाची नळी. पाऊण इंची पाइपही २६.७ मिमीचा, तोही बसत नाही. व्हर्नियर कॅलिपर नेऊन बाहेरचा व्यास मोजा आणि ऑर्डरवर मिलिमीटरच लिहा.