झेडपी शाळेच्या खोल्या पडायला आल्यात, तरी नवीन वर्गखोली मंजूर का होत नाही?

तुम्ही विचारलंय की गावातल्या झेडपी शाळेच्या दोन खोल्या मोडकळीला आल्यात, निवेदनं देऊन थकलो, तरी नवीन खोली का मिळत नाही आणि हा पैसा येतो तरी कुठून. मी मंगळवेढा तालुक्यातला शेतकरी. माझी दोन्ही पोरं झेडपीतच शिकली. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो तेव्हा याच कामापायी सोलापूरला पुष्कळ हेलपाटे मारले. म्हणून आधी एकच विचारतो: त्या दोन खोल्यांचं निर्लेखन, म्हणजे दप्तरी त्या निकामी ठरवणं, झालंय का?

आमचं घोडं तिथंच अडलं होतं. स्लॅबचे पोपडे निघून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. पावसाळ्यात बाई तिसरी-चौथीची पोरं मारुतीच्या देवळात बसवायच्या. कागदावर मात्र चारही खोल्या शाबूत! यू-डायसच्या (शाळांची माहिती दरवर्षी ऑनलाइन भरतात ती सरकारी नोंद) माहितीत त्या 'किरकोळ दुरुस्ती'त भरलेल्या. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमात एका शिक्षकामागे किमान एक वर्गखोली धरलीय. दप्तरी तेवढ्या खोल्या दिसत असतील तर नवीन कशाला मंजूर होईल? (मुख्याध्यापकांवर राग धरू नका. दोन शिक्षकांच्या शाळेत शिकवणं, पोषण आहार, ऑनलाइन माहिती सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. शेजारी बसून ती नोंद दुरुस्त करून घ्या.)

निर्लेखन म्हणजे खोली वापरण्यासारखी राहिली नाही हे सरकारी दप्तरी मान्य करून ती पाडायची परवानगी. समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो, बांधकामच्या अभियंत्यांची पाहणी आणि दाखला, मग पंचायत समितीमार्फत प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे. आमची फाईल एका टेबलावर साडेचार महिने पडून होती, कारण खोली कोणत्या साली बांधली त्याचा कागद नव्हता. शेवटी शाळेच्या ट्रंकेतल्या जुन्या इतिवृत्ताच्या वहीत ती नोंद सापडली. या दिरंगाईची मला खरंच भीती वाटते. 2017 च्या ऑगस्टमध्ये नगरजवळ निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन लेकरं गेली. म्हणून निर्लेखन होईपर्यंतही त्या खोल्यांना कुलूप लावा, पोरं दुसरीकडं बसवा.

आता पैसा. एक वाट जिल्हा नियोजन समितीची. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, वर्गखोल्यांचं बांधकाम आणि दुरुस्तीसाठी तिथून जिल्हा परिषदेला निधी मिळतो. दुसरी समग्र शिक्षा ही शाळांसाठीची सरकारी योजना, त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगातून (मुदत मार्च 2026 पर्यंत) मिळणारा बंधित निधी, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा पैसा, फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, त्यातून मुतारी-नळ होईल, खोली नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुक्यांच्या मागण्या एकाच यादीत जातात. तिथं तयार फाईलवाल्या गावाचं काम पुढं सरकतं. निधी आल्यावर ठराव गोळा करत बसलात की मार्च जवळ येतो, मध्येच आचारसंहिता लागते.

खोली मंजूर झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. आमच्याकडं जी काळी माती ज्वारीला सोनं, तीच बांधकामाची वैरी. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. आमच्या जुन्या खोल्यांचा पाया अडीच फुटांवरच थांबवला होता. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा गेल्या त्या त्यामुळंच. नव्या खोलीच्या वेळी अंदाजपत्रकाची प्रत आधीच मागून घेतली आणि पक्का मुरूम लागेपर्यंत खोदायला लावलं. तो सहा फुटांवर लागला. अभियंत्यांनी खड्ड्यात उतरून पाहिलं, मगच काँक्रीट पडलं.

तुमची जमीन काळी असेल तर पाया खोदायच्या दिवशी रानातलं काम बाजूला ठेवा आणि टेप घेऊन तिथं उभे राहा. ठरावाचा मसुदा हवा असेल तर कळवा, आमचा पाठवतो.