बीएस्सी नर्सिंग झालंय, वॉर्डात दोन वर्षं काम केलंय. आता नर्सिंग कॉलेजात ट्यूटर, म्हणजे शिकवणारी, व्हायचं असेल तर काय करावं?

ट्यूटर म्हणून सुरुवात बीएस्सीवर होऊ शकते, पण असिस्टंट प्रोफेसर किंवा त्यापुढे जायचं तर एमएस्सी नर्सिंग लागतंच. त्यासाठी बीएस्सीला किमान ५५ टक्के आणि निदान एक वर्षाचा अनुभव हवा, म्हणजे अनुभवाची अट तुमची पूर्ण झाली आहे. कोर्स २ वर्षांचा. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, कम्युनिटी, मानसिक आरोग्य यांतला विषय आवडीने निवडा, कारण पुढे तोच शिकवावा लागतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा.

खरी कसोटी क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे विद्यार्थ्यांना वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकवताना लागते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण एका शिक्षिकेमागे साधारण १० विद्यार्थी, पण सगळ्यांना एकदम बेडपाशी उभं केलं तर मागचे चौघे फक्त पाठी बघतात. दोघा-तिघांचे गट करा. कोणतीही प्रोसिजर आधी लॅबमध्ये दाखवा, मग त्यांच्याकडून रिटर्न डेमो घ्या, म्हणजे तीच तुमच्यासमोर करून घ्या, आणि मगच रुग्णापाशी न्या. तिथेही पहिल्या वेळी शेजारी उभ्या राहा.

चुका बहुतेक घाईत आणि भीतीत होतात. रागवाल या धास्तीने रुग्णाला वापरलेली सुई स्वतःला टोचल्याचं लपवलं जातं, आणि हे सगळ्यात धोकादायक. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: जखम दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. चूक सांगणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर बोललात, तर पुढची कुणी सांगणार नाही.