संत्र्याच्या एका बीतून तीन रोपं कशी आली?

तुम्ही नागपूरहून विचारलंय की कुंडीत संत्र्याची एकच बी टोचली आणि तीन रोपं वर आली. हे कसं, आणि त्यांना नागपुरी संत्रीच लागतील का?

बहुतेक हो. तिघांपैकी निदान दोन रोपं तरी आईच्या झाडाची हुबेहूब प्रत असणार.

पराग आणि अंडपेशी यांच्या मिलनातून युग्मनज, त्यातून गर्भ, हे शाळेतलं संत्र्यातही घडतं. पण गर्भकोशाभोवती आईच्याच पेशींचा थर असतो, त्याला प्रदेह म्हणतात. त्यातल्या काही पेशी साध्या सूत्री विभाजनाने वाढत आत घुसतात आणि थेट गर्भ बनतात. अर्धगुणसूत्री विभाजन नाही, बापाचा वाटा नाही. आईची 18 गुणसूत्रं जशीच्या तशी. परागण मात्र सहसा लागतंच, कारण या गर्भांना पोसणारा भ्रूणपोष फलनानंतरच तयार होतो. संत्र्याच्या बीतले हे अनेक गर्भ सूक्ष्मदर्शकातून निरीक्षणं करणाऱ्या लेव्हेनहूकने 1719 मध्येच पाहिले होते.

तुम्हालाही दिसतील. ताजी, टपोरी बी रात्रभर भिजवा. वरचं पांढरं कवच नखाने काढा, मग आतली पातळ तपकिरी साल. आत पिस्त्यासारखा हिरवा गर निघेल. चिमटीत हलकेच दाबला की त्याचे लहानमोठे तुकडे सुटतात. प्रत्येक तुकडा वेगळा गर्भ, आणि प्रत्येकाचं टोक बीच्या निमुळत्या बाजूला. पपनसाच्या बीत हा खेळ नाही, तिथे एकच गर्भ.

या गर्दीत मिलनातून झालेला गर्भ पुष्कळदा दबून मरतो. जगलाच तर रोप बुटकं किंवा वेगळ्या पानाचं निघतं, म्हणून नर्सरीत अशी रोपं उपटून टाकतात. अर्थात हा अंदाज झाला. खात्री डीएनए तपासणीनेच होते.

पुढच्या वेळी बी वाळवू नका, वाळली की उगवण झपाट्याने घसरते. धुऊन लगेच सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल लावा. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात तयार होणाऱ्या फळांची बी डिसेंबरात लावली तर थंडीत नुसती पडून राहते, कधी कुजते. मृग बहाराची, फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होणाऱ्या फळांची बरी. निव्वळ काळ्या मातीत पाणी साचून कोवळी रोपं मरतात, तेव्हा रेती आणि शेणखत मिसळा.

फळांची घाई असेल तर मात्र बीचं रोप कामाचं नाही. काटे भरपूर, आणि फळ धरायला सात-आठ वर्षं सहज जातात; कलमाला चार-पाच. जंबेरी या लिंबाच्या जातीचा खुंट (ज्यावर कलम करतात ते रोप) पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून 20-25 सेंटिमीटरवर टी आकाराची चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा भरतात. जंबेरीच्या बीतही बहुगर्भ असल्यामुळे खुंट एकसारखे मिळतात. लावताना कलमाचा जोड मातीखाली जाऊ देऊ नका. डिंक्या रोगाची फायटोफ्थोरा बुरशी ओल्या मातीतच असते, आणि नागपुरी संत्र्याची साल तिला चटकन बळी पडते.