ब्लॅककरंट लावताय? फांदी छाटायला कचरू नका

ताई, ब्लॅककरंट म्हणजे काळ्या, आंबटगोड फळांचं झुडूप; त्याला हिवाळ्याची भीती नाही. उलट पुरेशी थंडी मिळाली नाही तर कळ्या धड फुटत नाहीत. घात होतो तो वसंतात, फुलोऱ्यावर अचानक हिव पडलं, म्हणजे दव गोठलं, की. म्हणून स्कॉटलंडात तयार झालेल्या, उशिरा फुलणाऱ्या 'बेन' जातींपैकी एक घ्या. माझ्याकडे बेन लोमंड आहे. हिव पडेल असं वाटलं की रात्री त्यावर जुनी चादर टाकतो.

रोप कुंडीत होतं त्याहून 5-6 सेंटिमीटर खोल लावा आणि लगेच प्रत्येक फांदी बुडाशी दोन डोळे (कळ्या) राखून छाटा. जिवावर येतं, माहीत आहे. पहिल्या वर्षी फळही मिळणार नाही, पण मातीखालून जोमदार फुटवे येतात, आणि चांगलं फळ धरतं ते आदल्या वर्षीच्या फांदीवर. नवी फांदी फिकट बदामी, जुनी काळपट. चौथ्या वर्षापासून, पानं गळाली की, काळपट फांद्यांपैकी तिसरा हिस्सा बुडापासून काढत जा. छाटताना एखादी कळी बोटात चुरडून बघा, काय सुगंध येतो!

मुळं वरवर असतात, खुरपं खोल घालू नका. शेणखत मात्र सढळ हाताने घाला. फळं काळी दिसली तरी आठवडाभर थांबा, गोडी तेव्हा येते.