अमेरिकेतले पुराणमतवादी ख्रिस्ती लोक संसदेतले कायदे कसे अडवतात? सगळा पैशाचाच खेळ असतो का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. हे गट देणग्यांच्या जोरावर विधेयकं अडवतात का, आणि आपल्याकडे खासदाराला कितीही फोन केले तरी काही हलत नाही, मग तिथे कसं हलतं? मी मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली. गेली सोळा वर्षं टेक्सासमध्ये आहे आणि तिथल्या एका बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाते. मंडळी पुराणमतवादी आहे आणि मीही त्याच विचारांची आहे. म्हणून ऐकीव सांगत नाही, स्वतः केलेलं सांगते.

पैसा आहेच. वॉशिंग्टनमध्ये मोठाली कार्यालयं आहेत, पगारी वकील आहेत. पण विधेयकावर दबाव येतो तो बहुतेक वेळा घराघरांतून.

मी पहिला फोन केला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये. करांच्या नव्या विधेयकाचा मसुदा नुकताच हाऊसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, आला होता आणि त्यात मूल दत्तक घेणाऱ्यांची करसवलत काढून टाकली होती. त्या वर्षी ती एका मुलामागे जास्तीत जास्त १३,५७० डॉलर होती. आमच्या मंडळीतल्या एका जोडप्याचं दत्तकाचं काम तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. एजन्सीची फी आणि वकिलाचा खर्च त्यांनी या सवलतीच्या भरवशावर उसनवारी करून भागवला होता. रविवारी उपासना झाल्यावर चहाच्या टेबलाशी एका आजींनी आम्हा प्रत्येकीच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर आमच्या खासदाराच्या कार्यालयाचा नंबर होता, विधेयकाचं नाव होतं आणि "दत्तकाची सवलत ठेवा" एवढंच एक वाक्य होतं.

सोमवारी सकाळी मुलं शाळेत गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून ते वाक्य चारदा मोठ्याने म्हणून पाहिलं. छातीत धडधडत होतं. नगरला आमदाराला भेटायचं तर कुणा कार्यकर्त्याची ओळख लागायची, आधी त्याच्या घरी जाऊन बसावं लागायचं. इथे दुसऱ्या रिंगला एका तरुण मुलाने फोन उचलला. नाव विचारलं, झिप कोड (आपल्या पिनकोडसारखा) विचारला, माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि "खासदारांना कळवतो" म्हणाला. मिनिटभरात सगळं आटोपलं. झिप कोड विचारतात तो यासाठी, की फोन करणारी बाई आपल्या मतदारसंघातली आहे की नाही हे त्यांना बघायचं असतं. बाहेरच्या फोनाला फारशी किंमत नसते. त्याच आठवड्याच्या गुरुवारी हाऊसच्या समितीने ती सवलत परत घातली. हे विधेयक रिपब्लिकन पक्षाचं होतं आणि ओरड त्यांच्याच हक्काच्या मतदारांनी केली होती, हे त्यातलं मर्म.

चिठ्ठी देणाऱ्या आजी या कामात मुरलेल्या. त्या १९९४ची गोष्ट सांगतात. या विषयात ज्याला रस आहे त्याने ती माहीत करून घ्यावी. एच. आर. ६ नावाचं शाळांच्या निधीचं मोठं विधेयक तेव्हा हाऊसपुढे होतं. कॅलिफोर्नियाचे खासदार जॉर्ज मिलर यांनी त्यात एक कलम घातलं, की शिक्षक जो विषय शिकवतो त्यात तो प्रमाणित असलाच पाहिजे. मिलर यांचं म्हणणं होतं की घरी मुलांना शिकवणाऱ्या आईबापांशी याचा काही संबंध नाही. पण 'शाळा' या शब्दाची व्याख्या सैल होती आणि काही राज्यांत घरची शाळा कायद्याने खासगी शाळाच धरली जायची, म्हणजे आईबापांवरही प्रमाणपत्राची सक्ती येऊ शकली असती. मायकेल फॅरिस आणि जे. मायकेल स्मिथ यांनी १९८३ मध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांच्या कायदेशीर बचावासाठी संघटना काढली होती, तिच्या वकिलांनी ही फट हेरली. मतदानाला जेमतेम दहा दिवस उरले होते.

तेव्हा घरोघरी ईमेल नव्हते. संघटनेने राज्यांतल्या प्रमुखांना फॅक्स केले, त्यांनी गावोगावी फोन केले, ख्रिस्ती रेडिओवरून बातमी गेली. आजींच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असायचा, त्यावर पाच नावं. आपल्याला निरोप आला की त्या पाच जणींना फोन करायचा, मग त्या त्यांच्या पाच जणींना करणार. याला 'फोनचं झाड' म्हणतात. त्या दिवसांत कॅपिटॉलची, म्हणजे संसद भवनाची, लाइनच लागायची नाही असं त्या सांगतात. एकूण आठ लाखांच्या वर फोन गेले असा अंदाज आजही दिला जातो. २४ फेब्रुवारीला मतदान झालं आणि ते कलम ४२४ विरुद्ध १ मतांनी उडालं. ते एक मत खुद्द मिलर यांचं. त्यावर टेक्सासचे खासदार डिक आर्मी यांनी मांडलेली घरच्या आणि खासगी शाळांना संरक्षण देणारी दुरुस्तीही ३७४ विरुद्ध ५३ मतांनी मंजूर झाली.

इतके लोक इतक्या लवकर का उठले? याच पालकांतल्या अनेकांवर आदल्या दशकात मुलं शाळेत पाठवत नाहीत म्हणून खटले झाले होते. ती भीती ताजी होती. शिवाय ही माणसं दर रविवारी आणि बऱ्याच ठिकाणी बुधवारीही एकत्र जमतात, एकमेकांच्या आजारपणात डबे पोचवतात. असं रोजचं जाणं-येणं आयत्या वेळी उभं करता येत नाही. पाळकसाहेब हुकूम सोडतात आणि मंडळी मान डोलावते, असा एक समज आपल्याकडे आहे, तो मला दुखावतो. आमच्याकडे निरोप फिरतो तो बायकांमधून. १९५४च्या कायद्याने करमाफी असलेल्या चर्चला उमेदवाराच्या प्रचाराची मनाई केली, पण विधेयकाबद्दल मर्यादेत बोलायची मुभा राहिली. म्हणून सगळा जोर माणसापेक्षा कलमावर असतो. आणि ही रीत जुनी आहे. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. दारूबंदीसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती बायकांची संघटना त्यांनी जवळून पाहिली आणि तिच्याबद्दल मराठीत लिहून ठेवलं. मताचा अधिकार नसलेल्या त्या बायका सह्यांचे अर्ज घेऊन दारोदार फिरत होत्या.

दर वेळी यश येतं असं मात्र नाही. २०२२ मध्ये समलिंगी विवाहाला केंद्रीय कायद्याचं संरक्षण देणारं विधेयक आलं तेव्हा पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनांनी असाच फोनांचा सपाटा लावला होता. ते सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ६१ विरुद्ध ३६ असं मंजूर झालं, १२ रिपब्लिकन सिनेटर बाजूने गेले. देशाचं मत बदललं होतं, एरवी पुराणमतवादी असलेल्या मॉर्मन चर्चनेही त्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. अशा वेळी फोनांचा उपयोग होत नाही. एखादं कलम फारसं कुणाच्या नजरेत आलेलं नसतं, त्याच्या बाजूने हट्टाने उभं राहणारं कुणी नसतं आणि ते ज्यांच्या घरात शिरणार असतं त्यांना जिव्हारी लागतं, तिथे हे फोन चालतात.

मला एक गोष्ट खटकते. हल्ली निरोप व्हॉट्सअॅपवर येतात आणि पुष्कळदा त्यात विधेयकाचा क्रमांकसुद्धा नसतो, नुसती भीती असते. आजींचा नियम कडक आहे. कलम छापून आणल्याशिवाय त्या कुणाला चिठ्ठी देत नाहीत. एकदा तर "हे कलम समितीत आधीच गळलंय" म्हणून त्यांनी आलेला निरोप सगळ्यांसमोर परत फिरवला. सत्याची साक्ष द्यायची म्हणणाऱ्यांनी खासदाराच्या कार्यालयाला खोटं सांगू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, निघाला की खासदाराला त्याविरुद्ध मत देता येत नाही, दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. मग त्याला फोन करून तो करणार काय? अमेरिकेत असा कायदा नाही. हाऊसच्या ४३५ जणांतला प्रत्येक जण दर दोन वर्षांनी आपापल्या मतदारसंघात निवडणुकीला उभा राहतो, त्यामुळे त्याला पक्षनेत्यापेक्षा झिप कोडची धास्ती जास्त. त्यात महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती लोक २०११च्या जनगणनेनुसार एक टक्काही नाही. तेव्हा अमेरिकेची नक्कल भारतात चालणार नाही. आपल्याकडे वाट आहे ती समितीची. विधेयक स्थायी किंवा संयुक्त समितीकडे गेलं की बऱ्याचदा लोकांकडून लेखी सूचना मागवतात, तशी जाहिरात पेपरात येते आणि मुदतही बहुधा थोडीच असते. गेल्या नाताळात नगरला गेले होते, तेव्हा आमच्या मंडळीतल्या दोघी-तिघींना ही जाहिरात कशी ओळखायची ते दाखवून आले.