गच्चीला पांढरं कोटिंग: पैसे वसूल होतात का?

प्रश्न : अकोल्यात आमचं एकमजली स्लॅबचं घर आहे. मे महिन्यात रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, गच्चीवर पांढरं कोटिंग मारा, पंधरा अंशांचा फरक पडेल. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा खालून पीओपी करू. मागच्या स्वयंपाकघरावर पत्रे आहेत. काय करावं?
– एक वाचक भगिनी, अकोला

उत्तर : ताई, कोटिंग मारून घ्या, पण ते पंधरा अंश विसरा. एवढा फरक पडतो तो गच्चीच्या पृष्ठभागावर. भर दुपारी अनवाणी पाय ठेवलात की कळेल. खोलीतली हवा २ ते ५ अंशांनी उतरली तरी पुष्कळ झालं.

तुमचा त्रास रात्रीचा आहे, म्हणजे गुन्हेगार स्लॅबच. दिवसभर मुरलेली उष्णता तो दिवस मावळल्यावर खाली सोडतो आणि पंखा छताजवळची तीच हवा तुमच्या अंगावर ढकलतो. पांढरा थर बरंचसं ऊन वरच्या वर परतवतो, त्यामुळे स्लॅब मुळात कमी तापतो. पीओपीने त्याचं तापणं थांबत नाही, मध्ये आडोसा तेवढा होतो. मुलाची हौस असेल तर करा, पण गच्ची आधी.

डब्यावर एसआरआयचा आकडा बघा, म्हणजे थर ऊन किती परतवतो आणि उष्णता किती बाहेर टाकतो त्याचं माप. चांगल्या पांढऱ्या कोटिंगचा तो १०० च्या आसपास असतो. दुकानदाराला तो सांगता येत नसेल तर दुसरं दुकान गाठा. भिंतीचा उरलेला रंग गच्चीला फासू नका, पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात. आणि राखाडी किंवा विटकरी वॉटरप्रूफिंग म्हणजे हे नव्हे. त्याने गळती थांबेल, ऊन नाही.

खरं काम ब्रश हातात घेण्याआधीचं आहे. तारेच्या ब्रशने शेवाळ आणि धूळ खरवडायची, गच्ची धुऊन पूर्ण वाळवायची, भेगा भरायच्या, मग प्रायमर आणि दोन हात. दुसरा हात पहिल्याला आडवा. कामगार दुपारी बारालाच सुरुवात करतील; करू देऊ नका, तापल्या स्लॅबवर रंग धड बसत नाही. फेब्रुवारीत, सकाळच्या वेळी उरका.

बजेट नसेल तर चुना आहेच. अहमदाबादेत २०१७ साली महापालिकेने वस्त्यांमधली छपरं चुन्यानेच पांढरी केली होती. कळीचा चुना आदल्या रात्री लोखंडी ड्रममध्ये भिजवा (प्लास्टिकची बादली उष्णतेने वितळते), गाळून घ्या, थोडा फेविकॉल घाला. डोळ्यांना चष्मा हवाच. पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी नव्याने.

पत्र्यांना फरक जास्त जाणवेल. नवा पत्रा चकाकतो म्हणून तो तापत नसेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातली उष्णता सहजी बाहेर पडत नाही, म्हणून हात भाजतो. गंज घासा, मेटल प्रायमर द्या, मग पांढरं.

होळीनंतर गच्ची अधूनमधून झाडून, धुऊन घ्या. आपल्याकडच्या धुळीने पांढऱ्याचं करडं व्हायला वेळ लागत नाही. कुरडया-पापड घालाल तिथे खाली जुनी चादर अंथरा आणि पाटे-खलबत्ते ओढत नेऊ नका, कोटिंग खरवडतं. शेजाऱ्यांचा मजला तुमच्याहून उंच असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा. दुपारी त्यांच्या खिडकीत तिरीप जाणार.