गाळ्याच्या करारात सही, ताबा आणि भाडं यांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत. मुदत नक्की कधीपासून मोजायची?

मुदत सुरू होण्याची जी तारीख करारात लिहिली आहे, तिथपासून. सहीच्या किंवा नोंदणीच्या तारखेपासून नाही. करारात अशी तारीखच नसेल, तरच भाडेपट्टा केल्याच्या दिवसापासून.

गोंधळ होतो तो ‘पासून’ या शब्दाने. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 110 प्रमाणे ‘1 एप्रिल 2025 पासून 3 वर्षं’ असं लिहिलं, तर 1 एप्रिल मोजणीत धरत नाहीत आणि पट्टा 1 एप्रिल 2028 चा दिवस संपेपर्यंत चालतो. मालकाच्या डोक्यात मात्र 31 मार्चच असतो! म्हणून सरळ लिहून घ्या: ‘1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2028, दोन्ही दिवस धरून’.

भाड्याची तारीख वेगळी ठेवा. फर्निचर, वायरिंगसाठी दोन महिने बिनभाड्याचे मिळाले असतील, तर ‘भाडे सुरू: 1 जून 2025’ असा आकडाच टाका. ‘ताबा मिळाल्यावर’ एवढंच नको. किल्ली मिळाली पण वीजमीटर नाही, याला ताबा म्हणायचं का, यावर भांडणं होतात. लॉक-इन (ज्या काळात करार मधेच सोडता येत नाही) आणि भाडेवाढही कुठल्या तारखेपासून धरायची ते लिहा. लॉक-इन ताब्यापासून की भाड्यापासून, यात दोन महिन्यांचं भाडं इकडचं तिकडे होतं.

नोंदणीसाठी सहीपासून चार महिने मिळतात. ती उशिरा झाली म्हणून मुदत पुढे सरकत नाही.